चिरेखाण बंद झाल्यावर: आधी पाणी, मग माती, मग गवत, शेवटी झाड

चिरेखाण म्हणजे जांभा दगडाचे चिरे कापून काढलेला खड्डा. ती बंद पडली की तळात मे महिन्यात खड्डे मारायचे आणि मृगाच्या पावसात काजूची शंभर कलमं आणून लावायची. गणपतीला गावी आलं की त्यातली निम्मी पाण्यात उभी दिसतात, उरलेली पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळून काड्या होतात. मग "कातळावर काय उगवतंय?" म्हणत खड्डा तसाच सोडून दिला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आमच्या दहा गुंठ्यांच्या बंद खाणीत आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं, आणि लावलेलं एकही कलम जगलं नाही.

कलमं चांगली होती. आम्ही क्रम उलटा धरला होता. खाणीच्या तळाला माती नसते, पाण्याला वाट नसते, सावली नसते, आणि आपण सुरुवात करतो ती झाडापासून. खाली दिलेले टप्पे पाच ते चाळीस गुंठ्यांच्या, स्वतःच्या मालकीच्या बंद चिरेखाणीसाठी आहेत. डोंगरभर पसरलेल्या लोहखनिजाच्या किंवा बॉक्साइटच्या खाणीचं काम वेगळं, तिथे खाण बंद करण्याचा मंजूर आराखडा आणि तज्ज्ञ लागतात.

किमान तीन पावसाळे हाताशी धरा. एका पावसाळ्यात हे उरकत नाही.

टप्पा ० : खाण अजून द्यायची असेल किंवा चालू असेल तर

सगळ्यात स्वस्त काम इथेच होतं आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच. जांभ्यावर जी वीतभर माती असते तीच पुढे सोन्याच्या मोलाची ठरते. खाणवाले ती पहिल्याच दिवशी जेसीबीने ओढतात, चिऱ्याच्या तुकड्यांत आणि लाल भुकटीत मिसळून कडेला ढकलून देतात. एकदा मिसळली की परत वेगळी काढता येत नाही.

करारात या चार गोष्टी लेखी घ्या:

- वरची माती आधी काढून वेगळ्या जागी ठेवायची. ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच नको. उंच ढिगात आतली माती हवेअभावी निर्जीव होते.
- त्या ढिगावर पहिल्याच पावसात ताग किंवा चवळी पेरायची, म्हणजे माती वाहून जात नाही आणि जिवंत राहते.
- जांभा संपून खालची मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती लागली की खोदाई थांबवायची.
- निदान एका बाजूने गाडी उतरेल असा उतार सोडायचा, आणि तुकडे जागेवरच ठेवायचे.

तिसऱ्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. पावसाचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली मुरतं, चिकणमातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीत झरा म्हणून बाहेर पडतं. तो थर फोडला तर खालच्या वाडीच्या विहिरीचं पाणी वाट बदलू शकतं.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्याच्या अटींतच खाणीच्या जागेवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालावी असा आदेश दिला. ती जमीन गुरांना चरण्याजोगी व्हावी, असं न्यायालयाने म्हटलं आहे. करार करताना हा आदेश समोर ठेवून बोला.

टप्पा १ : एक पावसाळा नुसतं बघा

आषाढातल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खाणीत जा. पाणी कुठून आत येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं, बाहेर पडलेलं कुणाच्या भातशेतीत जातं, हे कागदावर काढा. उन्हाळ्यात उभं राहून हे कळत नाही.

आता एक हिशेब करा. दहा गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा खड्ड्यावर थेट पडणारं पाणीच तीस लाख लिटर. वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, येणारं वेगळं. हा आकडा मनात ठसला की झाडांच्या आधी पाणी का, ते पुन्हा सांगावं लागत नाही.

त्याच फेरीत आजूबाजूची जमीन बघा, कारण उद्दिष्ट तिथूनच ठरतं. खाणीभोवती उघडा सडा असेल, पावसाळ्यात त्यावर गवत आणि बारीक रानफुलं येत असतील, तर तुम्हालाही गवत आणि रानफुलंच परत आणायची आहेत. सड्यावर मुळात जंगल नव्हतं. तिथली उथळ डबकी, पातळ माती, त्यावर चार महिने जगणाऱ्या वनस्पती हीच तिथली संपत्ती. तिथे झाडं दाटवणं म्हणजे दुसऱ्यांदा नुकसान करणं. अशा जागी टप्पा ६ फक्त खाणीच्या कडांपुरता वापरा. भोवती ऐन, किंजळ, कुडा, करवंदाच्या जाळ्या असतील तर मात्र झाडांकडे जायला हरकत नाही.

*सावधान:* सड्यावर यंत्र फिरवण्याआधी कातळ झाडून बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि अजूनही नवी सापडतात. रेघा किंवा आकृती दिसली तर तिथे काहीही न करता कळवा.

टप्पा २ : पाण्याची वाट

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. तीन गोष्टी, याच क्रमाने.

१. वरच्या बाजूला, खाणीच्या कड्यापासून चार-पाच मीटर मागे चर मारा. वरून येणारं पाणी खाणीत न उतरता बाजूने जुन्या वहाळाला (ओढ्याला) गेलं पाहिजे. चर अगदी कड्याला चिकटून मारू नका, कडा ढासळते.

२. तळातून पाणी बाहेर पडायची जागा ठरवा. तळ पूर्ण बंद असेल तर दोन पर्याय: एका बाजूने कापून वाट द्यायची, किंवा सगळ्यात खोल भाग तळी म्हणून सोडून द्यायचा आणि लागवड उरलेल्या भागातच करायची. दुसरा पर्याय मला जास्त पटतो. उन्हाळ्यात पाणी लागणारच आहे, आणि साचलेलं पाणी हळूहळू मुरतंही.

३. बाहेर पडणारं पाणी खालच्या शेतात जाण्याआधी गाळ-खड्ड्यातून जाऊ द्या. दोन मीटर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल असे दोन खड्डे एकापुढे एक, मध्ये चिऱ्याच्या तुकड्यांचा सुका बांध. चिरा कापताना निघालेली लाल भुकटी पहिल्या दोन पावसाळ्यांत भरपूर वाहते, आणि ती भाताच्या खाचरात बसली तर शेजाऱ्याशी वर्षानुवर्षांचं वैर होतं. खड्डे श्रावणात एकदा उपसावे लागतात. उपसलेला गाळ टाकू नका, शेणखतात मिसळून परत वर न्या.

*तपासणी:* जोराच्या पावसात बाहेर पडणारं पाणी काचेच्या बाटलीत भरा आणि तासभर ठेवा. तळाला बोटभर गाळ बसला तर खड्डे अपुरे आहेत. पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३ : उभ्या भिंती मोडा

यंत्राने कापलेल्या खाणीच्या भिंती अगदी सरळ उभ्या असतात. त्यावर काही उगवत नाही आणि कडा ढासळत राहते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे पाणी भरलेल्या खाणीत पडलेलं जनावर किंवा मूल वर चढू शकत नाही.

जिथे जागा आहे तिथे भिंत पायऱ्यांत कापा: दीड-दोन मीटर उंची, तेवढीच रुंदी, प्रत्येक पायरीला आत किंचित कलती उतरण. कापायला परवडत नसेल तर भिंतीच्या पायथ्याशी तुकड्यांचा भराव घाला. मोठे तुकडे खाली, बारीक त्यावर, भुकटी शेवटी. भरावाचा एकूण उतार २८ अंशांच्या वर नको. मीटरभर उंचीला दोन मीटर पसारा, असं डोळ्यासमोर धरलं तरी चालतं. सगळ्या भिंती मोडायच्या नाहीत. एखादी सावलीतली, ओल धरणारी भिंत तशीच ठेवा. तिच्या फटींत उंबर-पिंपळ आपोआप येतात. तिच्या कडेवर मात्र गडगा, म्हणजे दगडांची सुकी भिंत, हवाच.

गडगा तुकड्यांचा घाला. बाहेरून एक दगड आणावा लागत नाही. माणसाच्या छातीएवढा गडगा गुरांनाही अडवतो, आणि हे पुढे फार कामी येतं.

*सावधान:* "फुकट भराव मिळतोय" म्हणून बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिक किंवा बाजारातला कचरा खाणीत घेऊ नका. जांभा पाणी गाळत नाही, सरळ खाली सोडतो. जे टाकाल त्याचं पाणी विहिरीत येईल.

टप्पा ४ : तळ फोडणे आणि माती

बहुतेकांचे पैसे याच टप्प्यात वाया जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तळ दिसायला दगडी असतो आणि वरून गाड्यांनी घट्ट दाबलेला असतो. त्यावर माती पसरली तर ती फरशीवर ठेवल्यासारखी राहते. पावसात चिखल, मार्चमध्ये भाजलेली वीट. म्हणून आधी तळ फोडा. ब्रेकर लावलेल्या पोकलेनने उताराला आडव्या रेघा, ४५ ते ६० सेंटिमीटर खोल, दोन-दोन मीटरवर. रेघ उताराच्या दिशेने मारली तर तीच ओहोळ होते. यंत्र परवडत नसेल तर झाडाच्या जागीच पहारीने फोडा, पण फोडा.

*तपासणी:* फोडलेल्या जागी हातभर खोल खड्डा पाण्याने भरा, ओसरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी २४ तासांत गेलं नाही तर त्या जागी झाड जगणार नाही. तिथे अजून खोल फोडा किंवा ती जागा गवताला द्या.

आता माती किती लागेल ते बघा. एका गुंठ्यावर ३० सेंटिमीटरचा थर म्हणजे जवळजवळ ११ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दहा गुंठ्यांना ११० ब्रास. एवढी माती विकत आणायची म्हणजे खर्च, तहसील कार्यालयाचा परवाना, रॉयल्टी आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जमिनीला नवा खड्डा. म्हणून लोक आठ-दहा ब्रास आणून सगळीकडे पातळ पसरतात. ती पहिल्या पावसात निघून जाते.

बेटं करा. फोडलेल्या जागी चिऱ्याच्या तुकड्यांचं दोन मीटर व्यासाचं कडं रचा, आत सुमारे अर्धा ब्रास माती भरून मधोमध गुडघ्याच्या वर उंची येऊ द्या. चाळीस बेटांना वीस ब्रास पुरतात. झाडं या बेटांवर. मधली जागा भुकटी आणि शेणखतावर गवत धरते, तिला चांगली माती लागत नाही.

बेटातलं मिश्रण मी असं घेतो: दोन भाग जपलेली माती, एक भाग लाल भुकटी, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पातेऱ्याचं (गळलेल्या वाळक्या पाल्याचं) खत. त्यात त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची घमेलंभर माती मिसळतो, कारण मुळांना मदत करणारी बुरशी आणि जिवाणू तिच्यातून येतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं उभी केली ती याच तत्त्वावर, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणू-बुरशीची जोड देऊन. आपल्याकडे प्रेसमड जवळ मिळत नाही. शेणखत आणि पातेरा आहे.

जांभ्याची माती आंबट असते आणि तिच्यातलं लोह नि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) बांधून ठेवतं. सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट नुसतं वरून भुरभुरलं तर मुळांना फारसं मिळत नाही. ते शेणखतात कालवून खड्ड्यात मुळांजवळ द्या. चुना किती, की मुळीच नको, हे माती तपासून ठरवा. अंदाजाने पोती ओतू नका.

टप्पा ५ : एक वर्ष गवताचं

या वर्षी एकही झाड लावू नका. सगळ्यात अवघड सूचना हीच आहे, कारण हात शिवशिवतात. पण गवताच्या मुळांनी भुकटी धरून ठेवली नाही तर बेटं दोन पावसांत वितळतात.

मागच्या कार्तिकात, सड्यावरचं गवत पिकलं की बियांसकट कापून सुकवून ठेवलेलं असलं पाहिजे. मृगाच्या पहिल्या सरींनंतर हे गवत तळावर आणि भरावावर पातळ अंथरा, वर थोडे दगड ठेवा. बी खाली पडतं, पेंढा भुकटीवर पावसाचा मार झेलतो. विकतच्या बियाण्यापेक्षा हे चांगलं, कारण ते तिथलंच आहे. भरावाच्या कडेला वाळ्याचे ठोंब आडव्या ओळीत वीत-वीत अंतरावर लावा.

बेटांवर आणि मधल्या जागेत गुंठ्याला अर्धा किलो ताग पेरा, जोडीला चवळी. फुलावर आला की, साधारण ४५ ते ५० दिवसांत, कापून तिथेच आडवा पाडा. उपटू नका, मुळं आतच राहू द्या.

*तपासणी:* ताग पाण्यात उभा राहू शकत नाही. जिथे तो पिवळा पडला तिथे पाणी तुंबतंय. अशा जागा काठ्या रोवून खुणा करून ठेवा. चर दुरुस्त करायचा तो तिथे.

रानमोडी आणि टणटणी ही तणं याच वर्षी घुसतात. फुलं येण्याआधी, माती ओली असताना मुळासकट उपटा. वर्षभर दुर्लक्ष केलं तर पुढे कोयत्याने आवरत नाही.

टप्पा ६ : आता झाड

आर्द्रा ते पुनर्वसू नक्षत्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. मध्ये आठ दिवस ऊन पडलं तर उथळ बेट तापतं.

पहिल्या फळीत चिवट जाती: करंज, कुडा, करवंद, आवळा, उक्षी, भरावावर खैर, ओलसर जागी उंबर आणि जांभूळ. ऐन, किंजळ, कुंभा दुसऱ्या वर्षी, पहिल्यांच्या आडोशाला. एका बेटावर एक झाड आणि दोन-तीन झुडपं पुरतात. उत्पन्न हवं असेल तर भरावाच्या पायथ्याशी माणगा बांबू लावा. काजू लावायचा तर निदान मीटरभर खोल, पाणी निथळणाऱ्या भरावावरच. तळात काजू लावू नका, त्याला पाय ओले चालत नाहीत.

ऑस्ट्रेलियन बाभूळ लोक लावतात, कारण ती जगते. जगते हे खरं, पण तिचा जाड पाला हळू कुजतो, खाली फारसं काही येत नाही, आणि तिची रोपं शेजारच्या सड्यावरही पसरतात. लावू नका. गिरिपुष्प कुंपणाला चालेल, पाल्यासाठी.

रोप गुडघ्याएवढं घ्या, माणसाएवढं नको. पिशवी फाडल्यावर तळाशी गोल फिरलेली मुळं दिसतील, ती कापूनच लावा. नाहीतर ती आयुष्यभर तशीच फिरतात. आळं उन्हाळ्यात लागतं, पावसाळ्यात नाही. जुलैत रोपाभोवती खळगा करू नका, उलट माती बुंध्याकडे किंचित चढती ठेवा.

टप्पा ७ : पहिले दोन उन्हाळे

मुंबईहून मे महिन्यात येणाऱ्यांनी हा टप्पा आधी वाचावा. रोपं जून-जुलैत सहसा मरत नाहीत. ती फेब्रुवारी ते मे दरम्यान मरतात, आणि तेव्हा गावात कुणी नसतं. पाणी घालणारा माणूस ठरला नसेल तर लागवडच पुढे ढकला.

- हस्त नक्षत्र संपता संपता: आळी करा, वीतभर जाड पातेरा घाला, बुंध्यापासून चार बोटं लांब. पंधरा दिवसांनी पातेरा उचलून वाळवी बघा.
- भात कापल्यावर: गुरं मोकळी सुटतात. त्याआधी गडगा पूर्ण हवा. एका दिवसात वर्षाचं काम चरून जातं.
- डिसेंबरपर्यंत: भोवती तीन मीटर रुंद जाळरेषा. गवत कापून आत आच्छादनाला न्या, कडेला जाळत बसू नका. वणवा बहुधा शेजारच्या भाजावळीतूनच (शेत भाजताना लावलेल्या आगीतूनच) येतो.
- डिसेंबर ते मे: आठवड्याला दहा लिटर पाणी, एकदम. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात. माणूस कमी असेल तर बेटात तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरा, भोकात सुती वात घाला, तोंड झाका.

*तपासणी:* वर्षातून तीनदा मोजणी: गणपतीत, संक्रांतीला, मेअखेरीस. गणपतीत मेलेलं रोप पाण्याने मेलं, मे महिन्यात मेलेलं तहानेने. दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून एकच आकडा वहीत लिहून उपयोग नाही. त्याच तीन वेळी खाणीच्या एकाच कोपऱ्यातून फोटो काढा.

मेलेल्याच्या जागी लगेच तीच जात लावू नका. आधी खड्डा उकरून ओल आणि मुळं बघा. आमच्याकडे एकाच बेटावर तीन वेळा जांभूळ गेलं, उकरल्यावर कळलं की खाली तळ फोडलाच नव्हता.

लागवडीपासूनच्या तिसऱ्या पावसाळ्यानंतर, गवत कापायच्या आधी, हातात चुना घेऊन खाणीत फिरा आणि तुम्ही न लावलेली रोपं शोधा. करवंदीच्या जाळीत, उंबराखाली, गडग्याच्या कडेला पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली असतात. प्रत्येकाशेजारी चुना लावलेला एक चिरा ठेवा, म्हणजे गवत कापणाऱ्याचा विळा त्यावर पडणार नाही. त्या वर्षी नवी रोपं विकत आणू नका, या रोपांना पाणी द्या.